सोयीची हरतालिका

"सावनीनं त्या दिवशी मला फोन केला होता," असं सुचित्रा म्हणाली तेव्हा गुरुनाथ मसूरकर आरशासमोर टाय बांधत होता. टाय तो फक्त कमिटीच्या दिवशी बांधायचा. बाकीचे दिवस तो विद्यापीठात डांबर शिकवायचा, आणि डांबराला टायचं कौतुक नसतं. "कुठल्या दिवशी?" त्यानं विचारलं, कुठल्या ते नीट माहीत असून. "त्याच. ती मुलगी पडली त्या दुपारी. काकू, एकीला गरगरतंय, पाणी देऊ का, म्हणाली." सुचित्रा स्वयंपाकघरातून बोलत होती. डब्यात पोळीची गुंडाळी बसत नव्हती, ती दाबून बसवत होती. "मग?" "मग काय. म्हटलं, आडवी कर, तळपायांना गार पाणी लाव, तोंडावर मार. पोटात नको म्हटलं. इथवर आलंय तर पहाटेपर्यंत निघेल." डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला. "आपल्याकडे असंच सांगतात." गुरुनाथनं टायची गाठ सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. "हे तू तीन आठवड्यांनी सांगतेयस," तो आरशाला म्हणाला. "तूच म्हणाला होतास, कमिटीचं घरात बोलायचं नाही. कॉन्फिडेन्शियल." त्याची गाठ जमेपर्यंत ती कोट चढवून बाहेर गेली होती, आणि गाडीच्या काचेवरचं रात्रीचं दहिवर खरवडल्याचा आवाज येत होता. तिच्या गळ्यात हॉस्पिटलचा बिल्ला होता. त्यावर तिचा दहा वर्षांपूर्वीचा फोटो आणि खाली 'रजिस्टर्ड डायटिशियन'. गेली अठरा वर्षं ती या गावातल्या थकल्याभागल्या अमेरिकन माणसांना भरपूर पाणी प्या म्हणून सांगत होती. हरतालिकेच्या दिवशी, स्वतःच्या घशाला कोरड पडलेली असताना, जरा जास्तच कळकळीनं सांगत असावी.

गाडी चालवताना त्याला रस्त्याला गेलेले तडे मोजायची सवय होती. आज एकही दिसला नाही. डांबराला थंडीत तडे का जातात यावर त्यानं आयुष्याची वीस वर्षं घालवली होती. उत्तर साधं होतं. आकसायचं असतं आणि आकसायला जागा नसते. पण साध्या उत्तरावर कोणी अनुदान देत नाही म्हणून त्यानं ते लांबवलं होतं. ॲन आर्बरपासून दीड तासावरचं हे विद्यापीठ मोठं नव्हतं. पण इथंही पोरं ग्रीक अक्षरांची टोळकी करून राहत. मुलग्यांची ती फ्रॅटर्निटी, मुलींची ती सोरॉरिटी. सिग्मा म्हणजे ताण, एप्सिलॉन म्हणजे विकृती, हे शिकवणाऱ्या गुरुनाथला ही अक्षरं बनियनवर छापलेली पाहून सुरुवातीला बरं वाटलं होतं. विद्यार्थी संघटनांना मान्यता देणाऱ्या आणि काढून घेणाऱ्या कमिटीवर त्याला घेतलं ते दोन वर्षांपूर्वी. कमिटीत विविधता कमी पडते आहे असं कुणाच्या तरी लक्षात आलं होतं, आणि विविधता तेव्हा नेमकी कॉरिडॉरमधून कॉफी घेऊन चालली होती. या दोन वर्षांत समोर आलेल्या सगळ्या तक्रारी एकाच प्रकारच्या होत्या. नव्या पोरांना जुन्यांनी बियर प्यायला लावली, व्होडका प्यायला लावली, एकदा तर नुसतं पाणीच, पण बादलीभर. रॅगिंगला इथं हेझिंग म्हणत आणि राज्यात नुकताच त्याविरुद्ध कायदा झाला होता. त्याच्या माहितीत पिऊ न दिल्याची ही पहिलीच तक्रार होती. आणि ती भारतीय मुलींच्या सोरॉरिटीविरुद्ध होती, जिच्या नावात तीन ग्रीक अक्षरं होती, पण मुली आपसात तिला 'सखी' म्हणत. सखीची अध्यक्ष सावनी होती.

सावनी नरेंद्रची मुलगी. नरेंद्र आणि तो सांगलीला एका वर्गात होते. पुढे नरेंद्र इंजिनिअरिंग सोडून मेडिकलला गेला आणि शिकागोत भूलतज्ज्ञ झाला. त्याला ते शोभलं, तो पहिल्यापासूनच समोरच्याला गुंगवून ठेवायचा. तिथल्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानांतून महिन्याचं सामान घेऊन गुरुनाथ-सुचित्रा परत निघाले की गाडीच्या मागच्या सीटवर पोत्यांच्या मध्ये सावनी बसलेली असायची; उन्हाळ्याचे दोन आठवडे तिचे इथले, हे ठरलेलं. सुचित्राला मूल झालं नाही. हे वाक्य घरात कुणी कधी उच्चारलं नव्हतं, त्यामुळे ते फर्निचरसारखं कायम घरात होतं आणि दोघं त्याला वळसा घालून चालत. सावनी मात्र सरळ चालायची. ती दहा वर्षांची असताना तिनं सुचित्राला विचारलं होतं, "काकू, तू आज जेवत का नाहीस?" आणि सुचित्रानं तिला मांडीवर घेऊन हरतालिकेची कहाणी सांगितली होती. पार्वतीच्या बापानं तिचं लग्न परस्पर विष्णूशी ठरवलं, मग तिच्या सखीनं तिला उचलून रानात नेलं, लपवलं, तिथं दोघींनी वाळूची पिंडी केली आणि रात्रभर जागल्या. "सो हर फ्रेंड सेव्ह्ड हर," सावनी म्हणाली होती. सुचित्रा म्हणाली, तसं म्हण. गुरुनाथ तेव्हा पेपर वाचत होता. त्याच्या डोक्यात आलं होतं की या कहाणीत शंकर असतो हे पोरीच्या लक्षातच आलेलं नाही. परवा नरेंद्रचा फोन आला. तो म्हणाला, "मेडिकलचे फॉर्म गेलेत यार तिचे. सस्पेन्शन लागलं तर कुठलं कॉलेज विचारतंय. तू आहेस ना तिथं?" गुरुनाथ म्हणाला, मी आहे, पण मी एकटा नाही. "तू आहेस ना," नरेंद्र पुन्हा म्हणाला, भूल देताना म्हणत असेल तसं.

कमिटीची खोली जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होती. लाकडी दार नीट लागायचं नाही. लंबगोल टेबलाच्या एका टोकाला डीन मार्गारेट कोल बसल्या होत्या. साठीच्या, पांढरे केस कापलेल्या, आयुष्यभर माईकशिवाय मोठ्या वर्गांत शिकवल्यामुळे कुजबुजल्या तरी मागच्या बाकापर्यंत पोहोचणाऱ्या. त्यांच्या शेजारी विद्यापीठाचा तरुण वकील. त्याच्या पलीकडे टोपी घातलेला विद्यार्थी प्रतिनिधी, मग रसायनशास्त्राच्या दोन बाई, मग गुरुनाथ. डीननी नेहमीचा प्रश्न विचारला. इथं कुणाचं सखीच्या सदस्यांशी रक्ताचं किंवा लग्नाचं नातं आहे का? गुरुनाथनं मनातल्या मनात दोन्ही तपासली. रक्ताचं नव्हतं, लग्नाचं नव्हतं. या देशात याच्या पलीकडे नातं नसतं, आणि नसलेल्या गोष्टीसाठी हात वर करणं त्याला आगाऊपणाचं वाटलं. मग मुलींना आत बोलावलं. सावनी काळा कोट घालून आली होती, केस घट्ट मागे बांधलेले. तिच्या मागून शिवांगी आली, त्या दुपारी पडलेली. ही पहिल्या वर्षाची, क्युपर्टिनोची, आईवडील सॉफ्टवेअरमध्ये, हनुवटीवर टाक्यांची रेघ अजून गुलाबी. सावनीनं सगळ्यांना गुड आफ्टरनून केलं आणि त्याच्याकडे पाहून म्हणाली, "प्रोफेसर मसूरकर." तिच्या तोंडून हे नाव त्यानं पहिल्यांदा ऐकलं. ते दुसऱ्या कुणाचं तरी असावं असं वाटून त्यानं खाली पाहिलं. काकूला केलेला तो फोन तिनं पोटात ठेवला होता, आणि सकाळपासून त्यानंही.

वकिलानं आधी कायदा समजावून सांगितला, सगळ्यांनी मान डोलावली. मुलींना एकत्र जमण्याचा हक्क घटनेनं दिलेला आहे, त्याला विद्यापीठ हात लावू इच्छित नाही आणि लावू शकत नाही. प्रश्न फक्त मान्यतेचा आहे. मान्यता गेली तर विद्यापीठाची खोली मिळणार नाही, फलक मिळणार नाही, नाव वापरता येणार नाही, नव्या मुलींना घेण्यासाठी मेळाव्यात टेबल मिळणार नाही. याचा जमण्याच्या हक्काशी संबंध नाही. म्हणजे जमावं, पण कुठं हे विद्यापीठाला विचारू नये. गुरुनाथला हे ऐकून घरी आल्यासारखं वाटलं. पंचाहत्तर साली, आणीबाणीत, सांगलीच्या होस्टेलवर रेक्टरनी नोटीस वाचून दाखवली होती की पाच किंवा अधिक जणांनी एकत्र जमू नये. चौघांबद्दल काही म्हटलेलं नव्हतं. म्हणून पोरं खोलीत चौघं बसायची आणि पाचवा दारात, एक पाय कॉरिडॉरमध्ये ठेवून. गणपतीच्या परवानगीला नरेंद्र आणि तो पोलीस चौकीत गेले तेव्हा फौजदारानं विचारलं, आरतीला किती? चार, नरेंद्र म्हणाला. मग झांजा कोण वाजवणार? त्या चौघांतलेच, साहेब, एका हातानं. फौजदार हसला नाही. त्यानं परवानगी दिली, आणि दहा दिवस होस्टेलचा गणपती चार माणसांनी बसवला, बाकी दोनशे जण आपापल्या खोलीत दारं उघडी ठेवून ओरडत होते. तेव्हा भीती वाटायची आणि तिला एक चव होती, पितळेसारखी. आज तीच चव जिभेवर आली होती. या खोलीत कुणालाच भीती घालायची नव्हती, उलट सगळे फार समजूतदारपणे बोलत होते, हेच तेवढं वाईट होतं.

मग वकिलानं तारखेचा मुद्दा काढला. सखीचं म्हणणं असं की हा धार्मिक उपवास होता, हिंदू स्त्रियांचा, शेकडो वर्षांचा; तो हेझिंगमध्ये धरला तर धर्मस्वातंत्र्याला बाधा येते. वकिलानं इंटरनेटवर पाहिलं होतं. हा सण यंदा सहा सप्टेंबरला होता, मंगळवारी. मुलींनी उपवास केला चोवीस तारखेला, शनिवारी, नव्या मुली घेण्याच्या आठवड्यात. "धर्म," वकील सौजन्यानं म्हणाला, "सहसा आपली तारीख पाळतो." डीन गुरुनाथकडे वळल्या. "प्रोफेसर, यात तुम्ही आम्हाला मदत करू शकाल?" ज्यासाठी त्याला दोन वर्षं कॉफी पाजली होती तो क्षण आला होता. आणि गंमत म्हणजे उत्तर त्याच्याकडे होतं, पूर्ण खरं उत्तर. तो स्वतः इथल्या महाराष्ट्र मंडळाचा चार वर्षं अध्यक्ष होता. त्या चार वर्षांत गणपती एकदाही चतुर्थीला बसला नव्हता. हायस्कूलचा हॉल ज्या शनिवारी मिळेल त्या शनिवारी चतुर्थी. एका वर्षी फुटबॉलची मॅच होती म्हणून संक्रांत फेब्रुवारीत झाली होती, आणि सुचित्रानं तिळगूळ वाटताना सूर्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली होती. दिवाळी एकदा थँक्सगिव्हिंगनंतर. देव समजून घेतात. हॉलवाले घेत नाहीत. हे त्यानं टेबलापुढे सांगितलं, जरा सभ्य करून. "तारखेवरून काही सिद्ध होत नाही," तो म्हणाला, "आम्ही या देशात सगळे सण सोयीनं करतो. मुली ते आमच्याकडूनच शिकल्या." टोपीवाल्या प्रतिनिधीनं ख्रिसमसची ऑफिस पार्टी आठवून मान हलवली. वकिलानं कागदावर रेघ मारली. सावनीच्या खांद्यातला ताण किंचित उतरला आणि तिनं त्याच्याकडे एक क्षण पाहिलं, पोत्यांमध्ये बसून पाहायची तसं. मुद्दा जिंकला होता. गुरुनाथच्या टायखाली घाम आला.

"ठीक," डीन म्हणाल्या. "तो उपवास आहे असं धरू. कायद्याला मुलीची संमती होती का याच्याशी कर्तव्य नाही. मला आहे. प्रोफेसर, तुमच्याकडे हा उपवास स्वेच्छेचा असतो?" प्रश्न सरळ होता. त्याला एकदम घशात कोरड जाणवली. समोर पाण्याचा जग होता, त्यात बर्फ होता, पण आज या खोलीत पाणी ओतून घेणं त्याला जमेना. त्याला ताई दिसली. ताई सोळाची, तो दहाचा. हरतालिकेच्या दुपारी ताई मोरीपाशी कपडे पिळता पिळता खाली बसली आणि मग आडवी झाली. आईनं तिच्या नाकाला कांदा लावला, तळपायांना ओला पंचा गुंडाळला, डोळ्यांना पाणी लावलं. ओठ तेवढे कोरडे ठेवले, रांगोळीच्या रेघेत पाणी जाऊ नये तसे. तो दाराशी उभा राहून तांब्यानं पाणी पीत होता. त्याला तहान लागली होती, खेळून आला होता. ताई डोळे उघडून त्याच्याकडे पाहत होती. चेहऱ्याकडे नाही, गळ्याच्या घाटीकडे. घाटी खाली-वर होत होती तिकडे. रात्री ती उठून बसली, इतर बायकांबरोबर जागली, फेर धरला, रुईच्या पानावरचं दही चाटलं, आणि दुसऱ्या दिवशी वर्गातल्या मैत्रिणींना सांगत होती की मला काही म्हणजे काही झालं नाही. ताईला कुणी 'करशील का' असं विचारलं नव्हतं. 'करणार नाही' म्हणायलाही कुणी मनाई केली नव्हती. स्वेच्छा या शब्दाचं त्या घरात कुणाशी भांडण नव्हतं, ओळखच नव्हती. "साधारणपणे," गुरुनाथ म्हणाला, "होय." आणि आपण साधारणपणे हा शब्द किती वापरतो हे त्याला जाणवलं.

"आणि जी मोडते तिचं काय होतं?" डीननी विचारलं. हा प्रश्न त्यांनी सावनीला केला. सावनी म्हणाली, "नथिंग, मॅम. देअर आर कर्सेस इन द स्टोरी. ओल्ड स्टफ. वी टुक दोज आउट." शाप आम्ही काढून टाकले. गुरुनाथला कहाणीचा तो भाग पाठ होता. आई जराही आवाज न चढवता वाचायची. जी स्त्री या दिवशी अन्न खाईल ती सात जन्म वांझ होईल, दारिद्र्य येईल, पुत्रशोक होईल. सुचित्रानं कधीच खाल्लं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून, सांगलीत, मग इथं, हॉस्पिटलच्या ड्यूटीवर, एकदा फ्लू असताना. ती उपवास सोडायची त्या पहाटे तो झोपलेला असायचा. शाप कुणाला लागू होतो आणि कुणाला होत नाही याचा हिशोब त्यानं कधी मांडला नव्हता, कारण मांडला असता तर कुणावर तरी रागवावं लागलं असतं. आता ही एकवीस वर्षांची पोरगी सांगत होती की त्यांनी कहाणी घेतली आणि शाप वगळले, भाजीचे देठ काढावेत तसे. आणि तरीही शिवांगी पाणी प्यायली नव्हती.

डीन शिवांगीकडे वळल्या. "तुला कुणी अडवलं?" शिवांगीचा आवाज लहान होता. "नो. नोबडी स्टॉप्ड मी. द बॉटल वॉज राइट देअर." मग का प्यायली नाहीस? शिवांगीनं हनुवटीला हात लावला. तिचं उत्तर गुरुनाथच्या डोक्यात मराठीत उमटत गेलं, कारण ते त्याला इंग्रजीत ऐकवेना: मी ऑगस्टमध्ये इथं आले. मी कुणालाच ओळखत नव्हते. माझी रूममेट वीकेंडला घरी जाते. इथं मला पहिल्यांदा कुणीतरी शेजारी बसवून घेतलं. सगळ्याजणी न पिता बसल्या होत्या. मी प्यायले असते तर कुणी काही म्हटलं नसतं. सगळ्या खूप छान वागल्या असत्या. "अँड आय कुडन्ट स्टँड दॅट," ती म्हणाली. रसायनशास्त्राच्या एका बाईंनी चष्मा काढला. सावनीनं शिवांगीचा हात धरला नाही. धरायला गेली आणि थांबली, कमिटीला ते कसं दिसेल याचा विचार करून. तो विचार गुरुनाथला स्पष्ट दिसला. तो तिला त्याच्यासारख्या मोठ्यांनीच शिकवला होता. चारचौघांत नीट राहायचं.

"मिस, एक शेवटचं," डीन सावनीला म्हणाल्या. वकिलानं पेन उचललं, म्हणजे हे शेवटचं महत्त्वाचं होतं. "तिला चक्कर येते आहे असं तुला कळलं, त्यानंतर तासाभरानं ती जिन्यावरून पडली. त्या तासाभरात तू कुणाला विचारलंस? कुणी मोठं माणूस? डॉक्टर? कुणीही?" खोलीत हीटरची नळी टकटक करत होती. गुरुनाथला कळलं की सगळं या एका गोष्टीवर टांगलेलं आहे. विचारलं असेल तर ती बावीस वर्षांचीही नसलेली मुलगी, जिनं भरवशाच्या बाईचं ऐकलं. नसेल तर तिनं एकटीनं, जाणूनबुजून, बाटली समोर असताना. पहिलीला समज. दुसरीला सस्पेन्शन, आणि सखीची मान्यता जाणार. सावनी समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाली, "नो, मॅम. आय डिडन्ट आस्क एनीवन. इट वॉज माय कॉल." ती खोटं बोलली ते इतकं नीट, इतकं स्वच्छ, की त्याला क्षणभर सकाळचं स्वयंपाकघर खोटं वाटलं. पोरगी काकूला वाचवत होती. रजिस्टर्ड डायटिशियननं फोनवरून एका निर्जळ मुलीला पाणी देऊ नका म्हणून सांगितलं, हे हॉस्पिटलच्या कानावर गेलं तर तो बिल्ला किती दिवस राहील हे सावनीला ठाऊक होतं. ती मेडिकलला जाणार होती, तिनं हे सगळं वाचलं असणार. तिनं मेडिकल टेबलावर ठेवलं होतं आणि काकूला कोटाखाली लपवलं होतं. सखीनं उचलून रानात नेलं. वकील लिहीत होता. आय डिडन्ट आस्क एनीवन. अजून दोन शब्द लिहून झाले की ते खरं होणार होतं.

गप्प बसणं अगदी सोपं होतं. नातं रक्ताचं नाही. प्रश्न त्याला नाही. घरचं कमिटीत बोलायचं नाही, कमिटीचं घरात बोलायचं नाही. नियम दोन्ही बाजूंनी पाळला जात होता. दारात एक पाय ठेवून उभा राहणारा पाचवा नेहमी तोच असायचा, त्याला सवय होती. "तिनं विचारलं होतं," कुणीतरी म्हणालं, आणि टेबलावरचे चेहरे त्याच्याकडे वळले म्हणून त्याला कळलं कोण. "तिनं माझ्या घरी फोन केला होता. माझ्या पत्नीनं घेतला. पाणी देऊ नको असं माझ्या पत्नीनं..." "काका, डोन्ट," सावनी म्हणाली. मोठ्यानं नाही. "काका, प्लीज." "...सांगितलं. सावनीनं तिचं ऐकलं." वकिलाचं पेन थांबलं. "तुमच्या पत्नी," त्यानं विचारलं, "काय करतात?" गुरुनाथनं सांगितलं. कुणीतरी हसेल असं त्याला वाटलं होतं. तो तरी हसला असता, दुसऱ्या कुणाच्या बाबतीत असतं तर. कुणी हसलं नाही. डीन कोलनी हात जुळवून टेबलावर ठेवले. "प्रोफेसर मसूरकर, तुम्ही या मुलीला ओळखता." "लहानपणापासून." "मी सुरुवातीला विचारलं होतं." "तुम्ही रक्ताचं आणि लग्नाचं विचारलं होतं." हे बरोबर होतं आणि कुचकामी होतं. डीननी वकिलाकडे पाहिलं, वकिलानं कागदाकडे. तुम्ही आज दिलेली सगळी माहिती, तारखेबद्दलचीसुद्धा, आम्हाला बाजूला ठेवावी लागेल, डीन म्हणाल्या, अगदी मऊपणे. फोनबद्दल ज्यांनी तो घेतला त्यांच्याकडूनच ऐकावं लागेल, त्या तयार असतील तर. कृपया बाहेर थांबा. म्हणजे जिंकलेली तारीख गेली, फोन अजून कुणी ऐकला नव्हता, आणि सुचित्राचं नाव मात्र टेबलावर राहिलं होतं. तो उठला. सावनीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिचे डोळे भरले होते आणि ती ते कोटाच्या बाहीनं पुसत नव्हती, कारण कमिटी पाहत होती.

कॉरिडॉरमधल्या बाकावर सखीच्या पाचसहा मुली बसल्या होत्या. त्या सरकल्या नाहीत, तो खिडकीशी उभा राहिला. खाली पार्किंगमध्ये सुचित्राची गाडी वेडीवाकडी लावलेली दिसली आणि ती तिथं कशी हे कळायच्या आत जिन्यावर तिचे हॉस्पिटलचे रबरी बूट वाजले. ती धापा टाकत वर आली. बिल्ला कोटाबाहेर लोंबत होता.

"संपलं?" तिनं विचारलं.

"चालू आहे. मला बाहेर काढलं."

"का?"

"सांगितलं मी. तुझ्या फोनचं."

ती थांबली. बाकावरच्या मुलींनी वळून पाहिलं. त्यांना मराठी येत नव्हती, पण बायकोचा असा चेहरा कुठल्याही भाषेत कळतो.

"तू सांगितलंस," ती म्हणाली.

"मग काय करणार होतो? ती पोरगी एकटी अंगावर घेत होती सगळं. तुझं नाव न घेता. तू असतीस तर..."

"मी तेच सांगायला आलेय." ती खालच्या आवाजात, एकेक शब्द वेगळा ठेवून बोलत होती, पेशंटला रिपोर्ट सांगावा तशी. "सुपरवायझरला सांगून आलेय, कुठं जातेय आणि कशासाठी ते. तीन आठवडे झोपले नाहीये मी. आज सकाळी तुला का सांगितलं असं वाटतं तुला?"

"मला वाटलं..."

"तुला वाटलं मी तुला काय करायचं ते विचारतेय. नाही. मी तुला सांगत होते की मी काय करणार आहे. तू टाय बांधत राहिलास. पुढचं वाक्य मी तोंडात घेऊन उभी होते, तू विचारलंस की बोलणार होते."

"सुचित्रा, मी तुझ्या भल्यासाठी गप्प..."

"तू गप्प राहिला नाहीस ना पण." तिनं बिल्ला कोटाच्या आत सारला, मग विचार बदलून पुन्हा बाहेर काढला आणि सरळ केला. "माझी गोष्ट होती ती. तू माझ्या आधी जाऊन सांगून टाकलीस. आता मी जाऊन काय सांगायचं, ह्यांनी सांगितलं ते बरोबर आहे?"

त्यानं तिच्या कोपराला हात लावला. तिनं तो झटकला नाही. फक्त पुढे गेली, त्यामुळे हात हवेत राहिला. तिनं दारावर टकटक केलं आणि उत्तराची वाट न पाहता आत गेली. तिच्या मागे दार लागायचा प्रयत्न करून फटीएवढं उघडं राहिलं. तो दाराशी गेला. बाकावरची एक मुलगी, जिला तो ओळखत नव्हता, म्हणाली, "सर, दे सेड यू कान्ट," आणि तो थांबला.

फटीतून डीन कोलचा आवाज येत होता, तो येणारच होता. नाव. स्पेलिंग. हॉस्पिटल. मुलीशी नातं. इथं सुचित्राचं उत्तर लांबलं, नुसतं होय-नाही नसावं. तिचा आवाज बाहेर पोहोचत नव्हता. फक्त त्याचा कापडासारखा पोत कळत होता, वर जात नव्हता, तुटत नव्हता. मग फोन. मग काय सांगितलंत. मग सावनीचा आवाज, एक हुंदका, आणि डीन म्हणाल्या, बस, बेटा, असंच काहीसं, त्यांच्या भाषेत. आणि मग, खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज येऊन, डीननी शिवांगीला विचारला होता तसाच, कायद्याशी ज्याचा संबंध नाही असा प्रश्न विचारला. तुम्ही स्वतः हा उपवास करता? करता, अच्छा. दर वर्षी. तुम्हाला करायचा असतो म्हणून?

हीटरची नळी थांबली होती. गुरुनाथनं कान दाराकडे नेला. चोवीस वर्षांत हे त्यानं तिला विचारलं नव्हतं. सुचित्रा बोलायला लागली होती, सावकाश, बरंच काही, आणि त्याला त्यातला एकही शब्द ऐकू येत नव्हता.